मनगटातले लहान हाड

लोणावळा,
८ नोव्हेंबर १९३८

चि. शालू हिस आशीर्वाद.

काल संध्याकाळी इथे पोचले. कामशेतला गाडी पन्नास मिनिटे उशिरा आली. उशीर किती हे आधी कळायला मार्ग नव्हता, कारण स्टेशनचा फळा क्रिकेटने भरला होता. मुंबईकडून आलेल्या गाडीच्या गार्डाने वाकून आकडे सांगितले, हमालाने ते खडूने लिहिले, आणि फलाटावरच्या माणसांनी ते वाचून पुन्हा एकमेकांना सांगितले. मी हमालाला माझ्या गाडीचे विचारले. तो म्हणाला, "गाडी काय, येईल की बाई. हितं हिंदूंची पडझड चाललीया."

रंगूनला फुटबॉलचे वेड आहे, पण ते मैदानापुरते. इथे नागपूरपासून प्रत्येक स्टेशनवर कोणी तरी माझ्या डब्याच्या खिडकीत तोंड घालून आकडा विचारत होते. हिंदू, मुसलमान, पारशी असे धर्मावार पाच संघांचे मुंबईचे पंचरंगी सामने म्हणजे काय हे मला भुसावळपर्यंत माहीत नव्हते. सांगणाऱ्याला माझी दया आली.

इथल्या धर्मार्थ दवाखान्यात क्ष-किरणांनी हाडांचे फोटो काढण्याचे नवे यंत्र आले आहे, आणि ते चालवणारा माणूस सोडून गेला आहे. मी रंगूनच्या इस्पितळात तीन वर्षे हेच काम केले, म्हणून डॉ. मोकाशींनी महिनाभर राहायला सांगितले. बाबांनी तारेने संमती दिली आहे. डॉक्टर इथल्या क्रिकेट क्लबचे चिटणीस आहेत. त्यांच्या टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वर चेंडू ठेवलेला असतो.

तुमच्याकडचे नऊ दिवस चांगले गेले. काकांच्या खळ्याचे मात्र मला अजून कळले नाही. भात कापून पेंढ्या बांधावर पडल्या होत्या, खळे तीनदा शेणाने सारवून तयार होते, आणि मळणी थांबलेली, कारण तुझ्या कोंडाजीला चेंडू टाकायला तेवढी एकच सपाट जागा. बैल फिरवायचा मधला खांब, तिवडा, उपटून टोकाला बाभळीच्या तीन काठ्या. खळ्यावर लक्ष्मी येते म्हणून सगळे अनवाणी, पंच म्हणून उभे राहिलेले काकाही. पहिल्या दिवशी मी नकळत बूट घालून गेले. काकूंनी तेवढी जागा संध्याकाळी पुन्हा सारवली, ते मी पाहिले.

एक विचारायचे आहे. काल निघताना कोंडाजीने माझी ट्रंक डाव्या हाताने उचलली. तो पडला होता का? अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खड्डा पडतो, काका ज्यात तपकीर ठेवतात, तिथे बोटाने दाबून बघ. दुखत असेल तर त्याला इकडे पाठव.

रतन


टाकवे,
११ नोव्हेंबर

ती. वन्संस शालूचा नमस्कार.

तुमचं पत्र मीच वाचलं, मोठ्यानं न्हाई वाचलं. तुमी ट्रंकेचं बघितलं व्हय. आमी घरातली धा मानसं, कुनाला दिसलं न्हाई. तुमी दूध पितानासुदा कपावरच्या रेघा मोजता, सासूबाई म्हनतात ते खोटं न्हाई.

रविवारी झेल घ्यायला तुमचे बंधू पळाले आन् हातावर पडले. खळं म्हंजे दगडच की. त्यांनीच सांगू नको म्हनलं. काल जेवताना दाबलं. वरडले न्हाईत, पन पाटावरनं उठून गेले.

आता खरं सांगते. सत्तावीस तारखेला लोनावळ्यात मुंबईच्या गिरनीच्या संघाबरूबर सामना हाये. तुमच्या डॉक्टरनी ह्यांना क्लबाकडनं घेतलंय. गिरनीचा मॅनेजर सोता येनार. ह्यांचा चेंडू त्याला आवडला तर गिरनीत नाव लागंल, काम नावाला, खेळायचं खरं. आन् चाळीत खोली. मी चौथीपत्तुर शिकले, वन्सं. हितं मला वाचायला पंचांग आन् तुमचं पत्र. मामंजींनी सगळ्या मावळात सांगून ठिवलंय की पोरगं मुंबईला चाललं.

सोमवारी त्यांना पाठिवते. फोटो काडा. पन एक मागते, खेळू नको असं तुमी त्यांना म्हनू नका. दुसऱ्या कुनाचं त्यांनी ऐकलं नसतं. तुमचं ऐकतील.

शालू


लोणावळा,
१५ नोव्हेंबर

चि. शालू,

कोंडाजी काल आला. त्याच्या मनगटाचे दोन बाजूंनी दोन फोटो काढले. सूज थोडी आहे. बोटे हलतात.

फोटो काढणाऱ्याने रोग्याला काही सांगायचे नाही, असा आमच्या कामात नियम आहे. मी चिठ्ठी लिहून डॉक्टरांना दिली. त्या वेळी खोलीत क्लबाचे पाच-सहा गृहस्थ बसले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, त्यातला एक फोटो खिडकीशी धरला आणि सगळ्यांना दाखवून म्हणाले, "हाड साबूत." कोणी टाळी वाजवली. कोंडाजी हसला. फोटो दवाखान्यात राहायला हवा, पण डॉक्टरांनी तो कौतुकाने त्यालाच देऊन टाकला.

डॉक्टर सांगतील तसे करा.

तू मागितले होतेस तसे मी वागले.

रतन


टाकवे,
१९ नोव्हेंबर

ती. वन्संस शालूचा नमस्कार.

तुमचा फोटो आमच्यापेक्षा जास्त हिंडला. आधी चहाच्या दुकानात, मग चावडीवर, मग नाणे गावाला सासूबाईंच्या भावाकडं. उन्हाकडं धरून सगळा गाव बघतोय. चहावाला नथू म्हनला, बोटं तर भुताची दिसत्यात. हाडवैद्य दत्तोबानी उलटा धरला आन् म्हनला, ह्यात काय, असली हाडं मी डोळं मिटून बशिवतो. सासूबाईंनी त्याला कुंकू लावून देवाजवळ ठिवला. आता मनगटावर कुंकू हाये, अगदी तुमच्या त्या तपकिरीच्या खड्ड्याजवळ.

डॉक्टरनी दोन दिस इसावा सांगितला व्हता, तो झाला. रोज सांजच्याला दत्तोबा लेप लावून बांधतो. सकाळी हे सोडतात आन् चेंडू टाकतात. हात बरा हाये.

हे म्हनत व्हते, आक्कानी चिठ्ठीत तीन वळी लिवल्या व्हत्या, मी मोजल्या, डॉक्टरनी एकच मोठ्यानं वाचली. मी म्हनलं, लिवलं असंल काय बाय औषदाचं. काय व्हतं, वन्सं?

मळनी अजून न्हाई. पाखरं भात खात्यात. मामंजी म्हनतात खाऊ द्या, सत्तावीसपत्तुर.

शालू


लोणावळा,
२८ नोव्हेंबर

चि. शालू,

बातमी तुला माझ्याआधी पोचली असेल, तरी लिहिते. कोंडाजीने सात गडी बाद केले. क्लब जिंकला.

माणसे किती होती ते मला मोजता आले नाही. मैदानाची एक बाजू रेल्वेच्या बांधाला लागून आहे. तो बांध वरपासून खालपर्यंत भरला होता. चिक्कीची दुकाने बंद होती. पुण्याकडे जाणारी एक मालगाडी ड्रायव्हरने सामना बघायला थांबवली असे लोक सांगतात. ती थांबलेली मी पाहिली, का थांबली ते मला माहीत नाही. दवाखान्यात एक बाळंतीण होती. तिचा नवरा दर तासाने येऊन तिला आकडा सांगून जात होता.

कोंडाजी अनवाणी खेळला. क्लबाने बूट दिले होते, त्याने ते झाडाखाली जोडून ठेवले. लोक हसले, मग चौथा गडी बाद झाल्यावर हसले नाहीत. अकराव्या षटकानंतर तो चेंडू डाव्या हाताने घेत होता आणि मग उजव्या हातात बसवत होता. जेवणाच्या सुट्टीत तो मला भेटला, दोन शब्द बोलला. त्यानंतर तीन गडी बाद केले. शेवटी त्याला खांद्यावर घेऊन लोक बाजारपेठेतून गेले. काका पुढे होते. ते नाचले.

गिरणीच्या मॅनेजरने जानेवारीत परीक्षेला बोलावले आहे.

माझे इथले काम संपले. डॉक्टरांनी चांगले शिफारसपत्र दिले. परवा मुंबईला जाते. तिथली दोन-तीन इस्पितळे बघून मग कलकत्त्याहून बोट. रंगूनचा पत्ता तुझ्याकडे आहेच.

कोंडाजीला सांग की आज फोटोला चौदा दिवस झाले. वाटल्यास त्याने डॉक्टरांना पुन्हा हात दाखवावा.

रतन


टाकवे,
२ फेब्रुवारी १९३९

रतनवन्संस,

तुमचं पत्र न्हाई, म्हंजे बोटीनं सुखरूप पोचला असाल. मधी मीबी लिवलं न्हाई. लिवन्यासारखं नव्हतं.

सामन्याच्या दुसऱ्या दिशी हात कोपरापत्तुर सुजला. तुमचा निरोप सांगितला. हे गेले बी. डॉक्टर म्हनले, सात गडी बाद करनाऱ्याचा हात दुखनारच, आन् चहा पाजला. मग दत्तोबानी तापल्या इळ्यानं दोन डाग दिले. दिवाळीचं भात पौषात झोडलं, मी आन् सासूबाईंनी. तुमच्या बंधूंना पेंढी धरता येत न्हाई. इळा न्हाई, म्हशीची धार न्हाई. भाकरी डाव्या हातानं मोडतात.

तरी जानेवारीत मुंबईला गेले. म्या पदराच्या चिंधीनं मनगट आवळून दिलं. गिरनीच्या मैदानावर तीन चेंडू टाकले. चौथा हातातनंच खाली पडला. पायापाशी. मॅनेजरनी उचलून दिला, तो बी पडला. लोनावळ्याहून त्यांच्यासंगं दहा जन गेलते, टोप्या उडवायला. परत येताना त्यातला एक बी त्यांच्या डब्यात बसला न्हाई.

मग मी पुन्याला घिऊन गेले. मामंजींना न इचारता. तिथल्या इस्पितळात नवा फोटो काडला. डॉक्टर म्हातारे व्हते, नीट बोलले. मनगटातलं एक लहान हाड मोडलंय, म्हनले, काजूएवढं. त्यातलं निम्मं मेलंय. पयल्याच दिशी हात पलिस्तरात घातला असता तर जुळलं असतं. आता जुळत न्हाई. मी आपला पयला फोटो पुढं केला, कुंकवाचा. त्यांनी बघितला आन् म्हनले, ह्यात न्हाई दिसत, इतक्यात दिसत बी न्हाई. पन हा काडनाऱ्याला ठाऊक असनार. त्यानं सांगितलं न्हाई का?

ह्यांनी माज्याकडं बघितलं. मी म्हनलं, न्हाई.

घरात सासूबाई तुमालाच दोष देतात. तुमी पयल्या दिशी बुटं घालून खळ्यावर गेलात म्हनून लक्ष्मी रुसली, असं त्यांचं. मामंजी आता तेच म्हनतात. मी त्यांना म्हनलं, बुटानं हाड मोडत न्हाई. तवा मला गप बसवलं.

मी बुटाचं इचारत न्हाई, वन्सं. चिठ्ठीत काय व्हतं?

शालू


मुंबई,
९ मार्च १९३९

शालू,

तुझे पत्र रंगूनला गेले, बाबांनी ते इकडे पाठवले. म्हणून उशीर. मी रंगूनला परतले नाही. डिसेंबरपासून मी मुंबईत आहे. डॉ. मोकाशींच्या शिफारशीवर इथल्या एका इस्पितळात मला क्ष-किरण विभागात नेमले. इस्पितळाच्या आवारात खोली आहे. जानेवारीत कोंडाजी गिरणीच्या मैदानावर आला तेव्हा मी तिथून पायी जाण्याइतक्या अंतरावर होते. हे मी तुम्हाला कळवले नव्हते.

चिठ्ठीत तीन ओळी होत्या. नक्कल माझ्याजवळ आहे. जशीच्या तशी उतरवते.

"फोटोत मोड दिसत नाही.
अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यास दुखते, तरी हाड मोडले आहे असेच समजून मनगट प्लास्टरमध्ये घालावे.
चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा."

पहिली ओळ शाईची. खालच्या दोन पेन्सिलीच्या. फोटोत काय दिसते ते लिहिणे माझे काम, काय करावे ते डॉक्टरांचे. माझ्या कामापलीकडचे म्हणून मी ते पेन्सिलीने लिहिले. रंगूनला असे दोन हात मी पाहिले होते. दोन्ही पहिल्या फोटोत स्वच्छ होते. तेव्हा मला माहीत होते. शंका नव्हती.

डॉक्टरांनी तिन्ही ओळी वाचल्या. पहिली मोठ्याने म्हटली, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि माझ्याकडे पाहिले. मी यंत्राचा दिवा मालवत होते. महिनाअखेर ते माझे शिफारसपत्र लिहिणार होते.

आता सामन्याच्या दिवसाचे. जेवणाच्या सुट्टीत कोंडाजी दोरीपाशी आला. मनगट पोटाशी धरले होते. सदऱ्याची बाही चावून ओली झाली होती. त्याने विचारले, "आक्का, टाकू का अजून?"

त्याने फक्त मला विचारले. आजूबाजूला हजारो माणसे होती आणि ती सगळी "टाक" म्हणत होती.

मी म्हणाले, "डॉक्टरांना विचार."

डॉक्टर सीमेवर टोपी हातात घेऊन ओरडत होते. त्याने तिकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मैदानात गेला.

तू लिहिले होतेस की खेळू नको म्हणू नका. ते वाक्य मी जपून ठेवले. दोष वाटून घ्यायला नाही, तो तुझा नाही. तू हाडांचे शिकलेली नाहीस. मला ते वाक्य सोयीचे होते, एवढेच.

नियम मी एकही मोडला नाही. चिठ्ठीची नक्कल मी त्याच संध्याकाळी काढून ठेवली, आपण बरोबर होतो हे पुढे कधी दाखवावे लागेल म्हणून. असे वाटत होते तर मी तुमच्याकडे यायला हवे होते. कामशेतपर्यंत गाडी आहे. तिथून टाकवे चालत जाता येते.

इथे एक अस्थितज्ज्ञ आहेत. त्यांना पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांगितले. त्यांचे म्हणणेही तेच पडले. तरी कोंडाजीने यावे, मी त्याला दाखवीन. तू ये. माझ्या खोलीत दोघांना जागा आहे.

काकूंना बुटांचे म्हणू दे. त्यांना थांबवू नकोस.

रतन


मुंबई,
१७ एप्रिल १९३९

शालू,

मागच्या पत्राचे उत्तर आले नाही. पोचले की नाही, एवढे कळव.

रतन


कामशेत स्टेशन,
२४ नोव्हेंबर १९३९
(कार्ड)

रतनवन्संस,

दोन्ही पत्रं पोचली व्हती. पयलं मी ह्यांना वाचून दाखिवलं, सगळं. दोन दिसांनी म्हनाले, तिनं न्हाई म्हनलं असतं तर मी थांबलो असतो. बस, तेवढंच. परत इषय काडला न्हाई.

मुंबईला आमी येनार न्हाई. खळ्यावर औंदा कुनी चेंडू टाकत न्हाई, मामंजींनी तिवडा दिवाळीआधीच पुरला. फोटो अजून देवाजवळच हाये. काडला तर इपरीत व्हईल, म्हनतात.

चैतापासून ह्यांना हितं स्टेशनात काम हाये. ओझं उचलवत न्हाई, म्हनून कंदील लावायचं आन् फळा लिवायचं. आता परत मुंबईचे सामने चालू झालेत. गार्ड वाकून आकडा सांगतो, हे डाव्या हातानं लिवतात. आकडं वाकडं पडतात. काल पुन्याचे लोक खिडकीतनं वरडले, नीट काड की रं, वाचता येत न्हाई. त्यांना कुनी वळखत न्हाई. सात गडी कुनी बाद केलते, ते बी आता कुनाला सांगता येत न्हाई.

मी भाकरी घिऊन आलते, हितंच बसून कार्ड लिवते. ह्यांना इचारलं, आक्काला तुमच्याकडनं काय लिवू? म्हनाले, "आजचा आकडा लिव. तिला आकडं कळत्यात."

आकडा खाली लिवला व्हता. पेटीत टाकंपत्तुर दुसरी गाडी आली आन् तो जुना झाला, म्हनून खोडलाय.

शालू